राणी चौकटीत थांबली तेव्हा

बेबी,

परवा तुझ्या तेराव्याला जेवणं आटोपली, सगळे भिंतीला टेकून बसले आणि कल्याणच्या मावशीने ठरलेली फर्माईश केली, "विनू, ती घोडीची गोष्ट सांग रे."

मी सांगितली. नको म्हणायला हवं होतं, पण तुला माहीत आहे, मला कोणी गोष्ट सांग म्हटलं की मी तापातूनही उठून बसतो. सांगत सांगत नेहमीच्या जागी आलो, "आणि काय सांगू, राणी मागच्या दोन पायांवर उभीच राहिली!" आणि थांबलो. इतकी वर्षं त्या जागी थांबायची सवय झालेली. तू कोपऱ्यात वाती वळत बसलेली असायचीस आणि मान वर न करता म्हणायचीस, "खोटं." मग सगळे हसायचे. मी म्हणायचो, "बरं, जरा नाचली." तू पुन्हा, "खोटं." असं करत करत तू राणीला चारही पायांवर आणून उभी करायचीस, तेव्हा कुठे गोष्ट पुढे सरकायची.

परवा कोणीच काही बोललं नाही. मावशी म्हणाली, "अय्या, मग?"

राणी तशीच दोन पायांवर राहिली गं. तिला खाली उतरवणारं कोणी नव्हतं. मी "पाणी आणतो" म्हणून आत गेलो आणि माठापाशी उभा राहिलो. तुझी वहिनी मागोमाग आली, पेला भरून माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन लोकांना सुपारी वाटायला लागली. गोष्ट अर्धीच राहिली.

म्हणून आता पहिल्यापासून सांगतो. तुला चालेल तशी. जिथे माझं घसरेल तिथे तूच समजून घे.

सुरुवात पाध्येबाईंनी केली. तुझ्या ठाण्याच्या, विशेष मुलांच्या कार्यशाळेतल्या बाई. तिथे तुम्ही मोठी मुलं मेणबत्त्या करायचात, फायलींना नाड्या ओवायचात. बाईंनी कुठेतरी पाहिलं होतं की घोड्यावर बसवलं की अशा मुलांची पाठ ताठ होते, तोल सुधारतो, हातपाय सांगितलेलं ऐकायला लागतात. त्या आपल्या कोपर रोडच्या घरी आल्या आणि चहा घेता घेता अण्णांना म्हणाल्या, "बेबीला घोड्यावर बसवायचं म्हणतेय."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "अहो बाई, तिला जिना उतरताना कठडा लागतो."

"म्हणूनच," पाध्येबाई म्हणाल्या.

या एका शब्दाबद्दल अण्णांनी बाईंना पुढे बरेच महिने माफ केलं नाही. पण नाहीही म्हणाले नाहीत.

मग दर रविवारी सकाळी आपली वरात. तू, आई आणि मी. ठाण्याला उतरून रिक्षाने बाळकुमला, जिथे भातकापणी झाल्यावर एक मोकळं शेत आपल्याला मिळालेलं. माजिवड्याहून युसुफभाई राणीला चालवत आणायचे. राणी ही मूळची वरातीची घोडी. पांढरी म्हणायची, पण धुतलेल्या धोतरासारखी पांढरी. आयाळीत आदल्या रात्रीच्या लग्नातली चमकी, कपाळावर कुणीतरी लावलेलं कुंकू. पहिल्या दिवशी तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस, ते कुंकू बोटाने नीट गोल केलंस आणि मला विचारलंस, "हिचं लग्न झालं?"

"रोज होतं," मी म्हटलं.

"खोटं," तू म्हणालीस. तेव्हापासूनची सवय तुझी.

युसुफभाईंचा जीव घोडीत. तू पहिल्यांदा वर चढलीस तेव्हा आई रामरक्षा म्हणत होती आणि युसुफभाई तिकडून ओरडत होते, "बेबीताई, जरा सांभाळून बसा, तिची पाठ नाजूक आहे!" तुझ्या पाठीचं कुणालाच पडलं नव्हतं. ती मात्र खरंच ताठ झाली. खाली असायचीस तेव्हा लोक तुझ्याशी वाकून बोलायचे, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसे. वर बसलीस की सगळ्यांना मान वर करायला लागायची. मलासुद्धा. मला ते आवडायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुला आवडायचं. खाली उतरायची वेळ झाली की तू हिशेबाने बहिरी व्हायचीस.

आता दह्याचं. ते सगळं आईचं.

आपल्या घरात कुणी परीक्षेला निघालं, गावाला निघालं, अगदी दाढ काढायला निघालं तरी आई तळव्यावर दही-साखर ठेवायची. ते चाटायचं, नमस्कार करायचा आणि बाहेर पडायचं. मी एकदा केस कापायला निघालेलो, तर मलाही दिलं होतं. तर बाळकुमलाही आईच्या पिशवीत स्टीलचा झाकणाचा डबा असायचाच. तू घोडीवर बसायच्या आधी तळहात पुढे करायचीस, आई दही ठेवायची, तू निम्मं चाटायचीस आणि उरलेल्या दह्यासकट तळवा राणीच्या तोंडापाशी न्यायचीस.

"अगं, तिला कशाला?" आई म्हणाली.

"तीपण चाललीय ना," तू म्हणालीस.

राणीने दही चाटलं, ओठ वर करून दात दाखवले आणि पुन्हा तळवा शोधायला लागली. युसुफभाईंनी कपाळावर हात मारला. "काय आई, घोडीला मॅट्रिकला बसवता काय?"

शेतात बांबू टाकून केलेली एक चौकट होती. त्यात घोडी नेऊन थांबवायची, बाई झेंडा खाली करेपर्यंत हलू द्यायची नाही, हे सगळ्यात अवघड काम. तुला ते जमेना. राणीला वरातीत चालायची सवय, ती चौकटीतून सरळ नवऱ्यामुलाच्या घरी निघायची. तू हिरमुसायचीस. मग एक दिवस आईच डबा घेऊन चौकटीत शिरली. अवघड पेपर, म्हणून पुन्हा दही. थोडं तुला, थोडं राणीला. आणि राणी थांबली! पुढच्या रविवारी चौकटीत पाय टाकल्याबरोबर थांबली. देवळातल्या दगडी नंदीसारखी. पाध्येबाई खूश, युसुफभाई खूश, आणि मी तर त्या संध्याकाळी शेजारच्या कुलकर्ण्यांना सांगितलं की आमची बेबी नुसत्या नजरेने घोडी थांबवते.

घोडी कशाला थांबते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एवढी शिकलेली माणसं. आम्ही तिला नेमकं काय शिकवत होतो हे फक्त राणीला माहीत होतं.

पुढे स्पर्धा ठरली. आजूबाजूच्या गावांतल्या अशाच शाळांची आणि कार्यशाळांची, ठाण्यातच एका मोठ्या मैदानावर. दोन गट. एकात कोणीतरी दोरी धरून घोड्याबरोबर चालायचं. दुसऱ्यात दोरी नाही, स्वार एकटा. बाईंनी तुझं नाव दुसऱ्या गटात घातलं आणि ते सांगायला पुन्हा आपल्या घरी आल्या.

अण्णांनी या वेळी चहाला हातच लावला नाही. "घाला," ते म्हणाले. "पण एक ठरवून टाकू. ती अडली, पडली, रडली, काहीही झालं, तर त्या दिवसापासून घोडा बंद. मला माझी मुलगी चार लोकांत केविलवाणी झालेली बघायची नाही."

तू दाराआडून ऐकत होतीस. बाहेर आलीस. "बंद म्हणजे कधीपर्यंत?"

"कायमचा."

"कायमचा म्हणजे दिवाळीपर्यंत?"

तू प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलंस, आळीपाळीने, माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ. मी घरातला बोलका माणूस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. मग तू आत गेलीस आणि तुझे कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करायला लागलीस. स्पर्धेला अजून कितीतरी दिवस होते. तू ते रोज पांढरे केलेस.

स्पर्धेच्या सकाळी आमची सगळ्यांची भीती बँडवर जमा झालेली. राणी बँड ऐकला की नाचते, हे युसुफभाईंनी मानलं होतं. "बाकी घोडी शरीफ आहे हो, पण ढोल वाजला की तिचा पाय ऐकत नाही." पाध्येबाईंनी संयोजकांच्या हातापाया पडून बक्षीस समारंभाचीही वाजंत्री बंद करवली. अण्णा मैदानाभोवती एक चक्कर मारून कुठे लग्नाचा मांडव नाही ना, हे बघून आले. हे त्यांनी कबूल केलं नाही, पण मी त्यांना कुंपणाच्या पलीकडून येताना पाहिलं.

पंच म्हणून एक निवृत्त सुभेदार होते, मिशा गालांवरून कानांपर्यंत. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कुंपणाशी उभं केलं आणि भरड्या आवाजात सांगितलं, "स्वार मैदानात गेला की बाहेरून एक शब्द नको. नाव घ्यायचं नाही, टाळी नाही, खाणाखुणा नाहीत. कुंपणाबाहेरून मदत आली तर स्वार बाद."

आई, अण्णा, पाध्येबाई आणि युसुफभाई, चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

आईने पिशवीतून खडीसाखरेचा चांगला मोठा खडा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. "हा विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

तू वर बसलेली. आईने तळव्यावर दही ठेवलं, तू निम्मं चाटलंस, निम्मं राणीला दिलंस. पाध्येबाईंनी रुमालाने तुझा हात पुसून लगाम हातात दिला. तू मला म्हणालीस, "दादा, घाबरू नकोस." तोंडात खडीसाखर होती म्हणून मला उत्तर देता आलं नाही.

आत गेलीस. पत्र्याचे रंगवलेले डबे ओळीने मांडलेले, त्यांच्यामधून नागमोडी जायचं होतं. पहिला डबा डावीकडे, दुसरा उजवीकडे. तिसऱ्यापाशी राणीची शेपटी डब्याला लागली, डबा हलला, एकदा, दोनदा, आणि स्थिरावला. आईने माझं मनगट धरलं. चौथा. पाचवा. तुझी पाठ ताठ. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत काढला. त्यांना बघायचंही होतं आणि नव्हतंही.

मग चौकट. राणी शिरली आणि थांबली. नंदी. सुभेदारांच्या मदतनिसाने पांढरा झेंडा वर धरला, काही वेळ ठेवला, खाली केला. आता निघायचं, पलीकडच्या कडुनिंबाला वळसा घालायचा, परत यायचं. झालंच.

तू टाच लावलीस. "चल राणी."

राणी हलली नाही.

"चल ना."

राणीने मान वळवली. सावकाश, आरामात, आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या आपल्या घोळक्यातून बरोबर आईला शोधून काढलं. आईला, आणि आईच्या खांद्यावरच्या पिशवीला.

तेव्हा समजलं. एकाच क्षणी आम्हा सगळ्यांना. आईच्या घशातून बारीकसा आवाज आला, तो तिने पदराने दाबला. तिचा हात पिशवीवर गेला. डबा तिथेच होता, हाताशी, आणि त्यात दहीही होतं. बारा पावलं चालली असती तर घोडी निघाली असती आणि तू बाद झाली असतीस. मी आईचा हात धरला. ती सोडवून घेत होती, मी सोडत नव्हतो. आमच्या मायलेकरांची ती झटापट अण्णा बघत होते आणि काही बोलता येत नव्हतं म्हणून त्यांचा चेहरा लाल होत चाललेला. युसुफभाई डोळे मिटून ओठ हलवत होते.

राणी वाट बघत होती. तुझ्या घोडीसारखी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही. तू सोडून.

सुभेदारांनी दुसरा झेंडा उचलला, लाल. तो पूर्ण वर गेला की संपलं. तो त्यांच्या कमरेपर्यंत आला होता. बेबी, इथे मी नेहमी राणीला दोन पायांवर उभी करतो. ती काही झाली नाही. ती नुसती उभी होती, आणि तेच सहन होत नव्हतं. घोडी उधळली असती तर मी कुंपणावरून उडी तरी मारली असती.

तू आमच्याकडे पाहिलंस. आईच्या पिशवीकडे. मग माझ्याकडे. माझं तोंड उघडत होतं, हे तुला दिसलं असणार, कारण तू लगामावरून एक हात काढलास आणि बोट ओठांवर ठेवलंस. मला. चूप.

मग तोच हात तू राणीच्या मानेवरून पुढे नेलास. वाकलीस. इतकी वाकलीस की रिकिबीतला तुझा एक बूट उचलला गेला, तो पांढरा बूट मला अजून दिसतो. बाईंनी शंभरदा सांगितलेलं, पुढे वाकायचं नाही. तळवा उघडलास आणि तिच्या तोंडाखाली धरलास. रिकामा. पुसलेला.

राणीने वास घेतला. चाटला. वरून, खालून, बोटांच्या बेचक्यांतून. तुला गुदगुल्या झाल्या आणि तू हसायला लागलीस, त्या सगळ्या चिडीचूप मैदानात एकटी तू हसत होतीस. राणीने पूर्ण खात्री करून घेतली. मग तू तो ओला हात तिच्या डोळ्यांसमोर धरलास, पालथा आणि उताणा.

"संपलं," तू म्हणालीस. घरी शेवटची पोळी वाढताना म्हणायचीस, तशी. "चल."

आणि ती चालली.

कडुनिंबाचा वळसा तू कसा घेतलास, हे मला विचारू नकोस. माझ्या डोळ्यांतलं पाणी बाजूला झालं तेव्हा तू परत आलेली होतीस आणि राणीच्या मानेवर आडवी पडून तिला काहीतरी सांगत होतीस. चौकटीत वेळ फार गेल्यामुळे पदक काही मिळालं नाही. तू घरी येताना सगळ्या वाटेत "पहिली आले" म्हणून सांगितलंस आणि अण्णा, ज्यांनी आयुष्यात चुकीची बेरीज सहन केली नाही, ते म्हणाले, "हो."

घोड्याबद्दल ते एवढंच बोलले. पण पुढच्या रविवारी आपण उठलो तर अण्णा आपल्या आधी बूट घालून दारात उभे. आईला म्हणाले, "डबा घेतलास का?"

आपलं भांडण मात्र त्याच दिवशी सुरू झालं.

"दादा, तू घाबरलास."

"मी? मी खडीसाखर चघळत होतो निवांत."

"चावलीस. कटकन. मला ऐकू आलं."

"तू पार मैदानाच्या मध्यात! तिथे ऐकू येईल होय?"

"आलं."

हे आपण किती वर्षं भांडलो! आई गेली, अण्णा गेले, राणी म्हातारी होऊन गेली. बाळकुमच्या शेतावर पत्र्याचं कुंपण पडलं आणि आत इमारतीचा पाया खणायला लागले. आपलं भांडण चालूच. तू तर कधीही, भाजी निवडताना, टीव्ही बघताना, मध्येच म्हणायचीस, "कटकन." मी म्हणायचो, "शक्यच नाही." सुभेदारांनाही ऐकू आलं असतं, मी म्हणायचो, मग त्यांनी बाद का नाही केलं? यावर तुझं उत्तर ठरलेलं: "ते झेंडा बघत होते. मी तुला बघत होते."

आई गेल्यापासून दह्याची वाटी माझ्याकडे आली. मी तुला देत राहिलो. कार्यशाळेच्या सहलीला, दातांच्या डॉक्टरांकडे, मावशीकडे. मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्येही डब्यातून घेऊन गेलो. छाती उघडून तुझ्या हृदयात नवी झडप बसवायची होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन धोका किती आहे ते सांगितलेलं. तुला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि तू कोणाला काही विचारलं नव्हतंस. तुला वाटत होतं की आम्ही घाबरू.

नर्सने डबा बघितला आणि माझ्यावर डोळे वटारले. "काका, उपाशी ठेवलंय त्यांना. एक थेंबसुद्धा नाही."

मी डबा परत पिशवीत ठेवला. तू ते सगळं बघत होतीस. वॉर्डबॉय आला, स्ट्रेचरचे ब्रेक काढले, आणि तू हात पुढे केलास. तळवा उघडून. निघायचं म्हटल्यावर हात पुढे करायचा, एवढंच तुला ठाऊक.

नर्स बघत होती. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मी माझी चार बोटं एकत्र केली, आई करायची तशी, आणि तुझ्या तळव्यावर टेकवली. रिकामीच. तू तळव्याकडे पाहिलंस. माझ्याकडे पाहिलंस. मग हात तोंडापाशी नेलास आणि चाटलास, नीट, एकदा.

"संपलं," तू म्हणालीस. आणि वॉर्डबॉयला, "चल."

दारातून आत जाताना तू मान वळवलीस. माझं तोंड उघडत असणार. बोट ओठांवर ठेवलंस.

मी गप्प बसलो, बेबी. बाहेरच्या बाकावर, दुपारपासून अंधार पडेपर्यंत. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, काहीतरी बोला, मला भीती वाटतेय." मी मान हलवली. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. पलीकडच्या बाकावर एक गृहस्थ होते, त्यांनी कोणाचा पेशंट, कसला आजार विचारलं, त्यांनाही उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी घुमा समजलं असेल. नियम मला माहीत होता. बाहेरून आवाज आला तर आतला माणूस बाद. मी हूं की चूं केलं नाही. विचार कोणालाही.

मग डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मास्क खाली ओढला.

मी आवाज केला नव्हता गं. तुला बाद का केलं, हे विचारायला मला मिशावाला कोणी सापडत नाही.

आणि ती खडीसाखर. मी चावलेली. लाल झेंडा कमरेच्या वर गेला तेव्हा, कटकन, इतक्या जोरात की माझी दाढ महिनाभर ठणकत होती. तुला ऐकू आलं असणार.

आता तरी म्हण, खोटं.